दारात अडकलेली ओढणी

शैलाताई गेल्या, हे मला हैदराबादला, कोठी भागातल्या चष्म्याच्या दुकानात कळलं. त्यांच्या मुलीचा, मीराचा, फोन होता. दुकानदाराने माझा चेहरा पाहून स्टूल पुढे सरकवलं. त्याला ते दुःख वाटलं असावं... मला मात्र आधी आठवली ती एक मीटिंग.

रेल्वेच्या नव्या डब्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ऑफिसात आम्ही बरोबर होतो. काय बिघडू शकेल, त्याने कोणाला इजा होईल, याची यादी करायची आणि धोका आटोक्यात आल्याशिवाय त्यापुढे 'बंद' लिहायचं नाही, हे आमचं काम. मला ते ताईंनीच शिकवलं. परभणीहून नवा आलो तेव्हा नारायणगुड्याच्या घरी जेवायला बोलवायच्या आणि वरण वाढता वाढता ब्रेकबद्दल बोलायच्या.

एका डब्याचं दार नियमाप्रमाणे ठोकळा मध्ये धरून तपासलं होतं. ठोकळा लागला की दार परत उघडायचं. एका दुपारी यार्डात ताई म्हणाल्या, "लोक काय ठोकळा घेऊन चढतात का रे? ओढणी घेऊन चढतात." त्यांनी आपली ओढणी दारात धरली. दार मिटलं, ओढणी अडकली, आणि चालकाच्या केबिनमध्ये 'दार बंद'चा हिरवा दिवा लागला. तिथे मी एकटाच होतो. दिवा मी पाहिला.

मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांना विचारलं, "केबिन में कौन था? किसने देखा?" डबे पाठवायची तारीख तोंडावर होती, माझी बढतीही. मी गप्प राहिलो. ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो धोका 'बंद' झाला, खाली सही माझी. ताईंना कागदपत्रांच्या विभागात पाठवलं.

पुढे त्याच दारात एका बाईंच्या पिशवीचा पट्टा अडकला. त्या फलाटावर फरफटत गेल्या, खुब्याचं हाड मोडलं. मग दारं बदलली. मी ताईंना फोन केला, तर एवढंच म्हणाल्या, "त्या बाई आता चालतात का, ते विचार." तेही मी विचारलं नाही...

तेराव्यानंतर मीराने त्यांच्या कपाटातला चाचणीचा अहवाल माझ्यापुढे ठेवला. 'केबिनमध्ये एक सहकारी हजर होता.' समासात साहेबांचा प्रश्न: नाव? त्याखाली ताईंचं अक्षर: 'ते त्याने स्वतः सांगावं.'

"काका, हे कोण होते?" मीराने विचारलं.

"माहीत नाही गं," मी म्हणालो.

मीरा, तुला मराठी वाचायला जड जातं. कोणाकडून तरी हे वाचून घे. केबिनमध्ये मी होतो.