विद्याताई आणि पिवळी ट्राम

विद्याताई गेल्याचं कळलं तेव्हा मी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेत होते. त्यांच्या अमेयचा फोन होता. “मावशी, आई झोपेतच गेली...” त्याला आता महिना होत आला.

भोसरीच्या कारखान्यात मोटरींच्या वाइंडिंगमध्ये, तारा गुंडाळण्यात आयुष्य काढून ताई निवृत्तीनंतर मुलाकडे इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला आल्या आणि ट्राम म्युझियममध्ये स्वयंसेवक झाल्या. तिथे जर्मनीहून बोटीनं आणलेली एक जुनी पिवळी ट्राम होती. ताई ती चालवायला शिकल्या, तेव्हा आम्हा इथल्या सगळ्या मराठी मंडळींना कोण अभिमान! माझी आई पुण्याहून आली, तेव्हा तिला मी मुद्दाम त्यांच्या ट्राममध्ये बसवलं. ताई मागे वळून वळून गप्पा मारत होत्या. “काकू, आता वळणावर समुद्र दिसेल हं!” समुद्र दिसायच्या आतच जळका वास आला, मग धूर. हँडब्रेक नीट सुटलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. आवळलेल्या चाकांवर गाडी ओढून ओढून मोटर जळली होती. आम्ही सगळे उतरून चालत परतलो. ताई आईकडे न बघता ट्रामपाशीच उभ्या राहिल्या...

त्यानंतर त्या म्युझियममध्ये जाईनात. गणपतीत कुणी “ताई, ट्राम काय म्हणते?” विचारलं की उठून स्वयंपाकघरात जायच्या. एकदा मी घरी गेले, तर भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, “अगं, वर्कशॉपमधला ग्रॅहम यायच्या आत मी ब्रेक गुपचूप सोडला. सगळ्यांना वाटलं, जुनी मोटर, जळली. मी वाटू दिलं. कारखान्यात पोरांना एवढ्यातेवढ्यावरून झापणारी बाई मी!”

पुढच्या शनिवारी मला सोबत घेऊन त्या गेल्या. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. “ब्रेक लागलेला होता. चूक माझी. आणि ती मी लपवली.” वर्कशॉप सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ग्रॅहमनं कप खाली ठेवला. “विद्या, ती मोटर मी तपासली होती. इतके दिवस मला वाटत होतं, माझंच काहीतरी राहिलं. मी वर्कशॉपचं काम सोडायला निघालो होतो.” आणि तो बाहेर निघून गेला. ताईंचा चेहरा मला बघवेना. स्वतःची लाज झाकताना ती दुसऱ्याच्या गळ्यात पडली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्या वर्कशॉपमध्ये गेल्या. ग्रॅहम पाठमोरा बसला होता. त्यांनी मोटरच्या जळक्या कॉइल सोडवायला घेतल्या. बऱ्याच वेळानं त्यानं पकड पुढे केली... तो सबंध हिवाळा दोघांनी मिळून ती मोटर नव्यानं गुंडाळली. ट्राम धावली, सगळ्यांनी आग्रह केला, पण ताई पुन्हा चालवायला बसल्या नाहीत. “लाज गेली नाही गं अजून,” म्हणायच्या. नव्या चालकांना मात्र त्याच शिकवायच्या.

गेल्या रविवारी मी एकटीच गेले. ग्रॅहम चालवत होता. निघण्याआधी त्यानं ब्रेकच्या चाकावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, “ब्रेक सुटला.” मोडकंतोडकं, पण मराठीच. आता तिथले सगळे चालक तसं म्हणतात म्हणे.

पुढच्या बाकावरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, “हे जर्मन का?”

“नाही,” ग्रॅहम म्हणाला, “हे विद्याचं.”