शनिवारची ठकठक

एलिशेबा नवगावकर शॉपिंग ट्रॉलीत लोखंडी खलबत्ता घालून लंडनच्या वेम्बलीहून हाउन्सलोला माझ्या दारात आली, तेव्हाच मी ओळखलं की हिला कोणीतरी घाबरवलंय.

"हा तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली.

"का? मसाला कुटायचं सोडलंस?"

"खालचा कॉलिन तक्रार करतो. घरात खलबत्ताच नाही म्हटल्यावर बोलणार काय?"

मला इतका राग आला की तिला आत ये म्हणायचंही सुचलं नाही. कारण ही बाई घाबरणाऱ्यांतली नव्हे. हीथ्रोजवळ विमानातलं जेवण भरायच्या किचनमध्ये आम्ही दोघी कित्येक वर्षं एकाच टेबलाशी उभ्या होतो. मी पुण्याची पदवी घेऊन, ती ठाण्याचं नर्सिंग अर्धवट टाकून. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने शनिवारची ड्यूटी लावली. एलिशेबा सरळ म्हणाली, "शनिवारी मी येत नाही. रविवार द्या, नाताळ द्या, बँक हॉलिडे द्या. शनिवार नाही." तो म्हणाला, नोकरी जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. गेली नाही. उलट तिच्यामुळे त्याला दर नाताळला माणूस मिळायला लागला.

एलिशेबा बेने इस्रायल, म्हणजे आपली मराठी बोलणारी ज्यू. मूळ अलिबागकडचं. कोकणात तिच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते. शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा दिवस, त्या दिवशी ते घाणा जुंपत नसत, म्हणून गावाने त्यांना नावच दिलं होतं, शनवार तेली. आता तेलही गेलं आणि गावही गेलं, शनिवार मात्र हिने सोडला नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की गॅस नाही, दिव्याचं बटण नाही, फोन नाही, पेन नाही, गाडीत बसणं नाही. शनिवारी सकाळी चालत सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला, दुपारी आडवं होणं. बस.

आणि कॉलिनची तक्रार कसली होती? की वरची बाई दर शनिवारी दुपारी काहीतरी कुटते!

"अगं, मग सांग ना त्याला!" मी ओरडलेच.

"सांगितलं. शेजारच्या घरातला गॅरी पोटमाळ्यावर खोली बांधतोय, शनिवारच्या सुट्टीत ठोकतो, तो आवाज भिंतीतून खाली उतरतो, हेही सांगितलं. कॉलिन म्हणतो, गॅरी चांगला मुलगा आहे, त्याने असं काही केलं असतं तर आधी येऊन सांगितलं असतं."

"आणि तू चांगली नाहीस?"

"माझं जरा चुकलंच," ती म्हणाली. "मी त्याला हलवा दिला."

आता हे ऐका. सप्टेंबरात तिचं नवं वर्ष होतं. गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात तासन्‌तास ढवळून ती हलवा करते, वड्या पाडते आणि शेजारीपाजारी वाटते. त्याच सुमाराला कॉलिनने पहिल्यांदा झाडूच्या दांड्याने खालून छत ठोकलं होतं. हिला वाटलं, माणूस रागावलाय, त्यात सणाचे दिवस, रिकाम्या हाताने कसं जायचं? स्टीलच्या डब्यात वड्या भरून गेली. वर हसून सॉरी म्हणाली, आपण म्हणतो तसं, कोणाच्या पायाला पाय लागला तरी म्हणतो तसं. कॉलिनने डबा ठेवून घेतला आणि घरमालकाला फोन केला: बाईंनी स्वतः येऊन माफी मागितली, मिठाई आणली, म्हणजे आवाज त्यांचाच, आता तरी थांबवा.

घरमालक म्हणजे शशिकांत. आपलाच, दादरचा. वेम्बलीत ईलिंग रोडजवळ त्याचे दोन-तीन फ्लॅट, त्यातल्या एकात ही. भाड्याचा करार नाताळनंतर संपत होता आणि त्याने एलिशेबाला गोड आवाजात सांगितलं होतं, "मावशी, असंच चालू राहिलं तर मला रिन्यू करता येणार नाही. कॉलिन कौन्सिलकडे जाईन म्हणतोय. तुम्ही जरा अ‍ॅडजस्ट करा ना."

अ‍ॅडजस्ट! या एका शब्दाने आपल्या लोकांचा जितका सत्यानाश केला तितका कोणी केला नसेल. ही साठीच्या पुढची बाई घरात मोजे घालून चोरासारखी वावरायला लागली. मिक्सर बंद, रेडिओ बंद, कुकरची शिट्टी उचलून ठेवलेली. नवरा याच घरात गेला. तिचं सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर. हे घर गेलं तर या वयात ती कुठे जाणार? मेडनहेडला लेकीकडे? तिथून चालत कुठलं सिनेगॉग?

मी शशिकांतला फोन लावला.

"प्रमोदिनीकाकू, तुम्ही यात पडू नका," तो म्हणाला. "त्यांनी काही केलंच नव्हतं, तर हलवा कशाला घेऊन गेल्या?"

"तू दादरचा ना रे? दिवाळीत तुझी आई शेजारी ताट पाठवायची, ती काय गुन्हा कबूल करायला?"

तो कराराच्या तारखा सांगायला लागला, तसं मी त्याला मध्येच तोडलं.

"या शनिवारी दुपारी तिच्याकडे ये. जेवायलाच ये. आणि मोबाइल चालू ठेव."

शनिवारी ऐन हिवाळ्यातला तो मळकट उजेड. ऍक्टन टाउनला गाडी बदलून मी वेळेत पोचले. एलिशेबा पांढरी साडी नेसून खुर्चीत ताठ बसली होती. टेबलावर आदल्या दिवशीच करून ठेवलेली थंड मासळी, पोळ्या, थर्मासमध्ये चहा. शशिकांत आला तो कराराचे कागद बगलेत घेऊनच. मिटलं तर सही, नाहीतर नोटीस, दोन्हीची तयारी.

"मावशी, दिवा लावा ना, अंधार आहे."

"मी लावत नाही. लाव असंही सांगत नाही."

मी उठून लावला. हिच्या धर्माशी माझं कधीच पटलं नाही, पण तो तिचा आहे.

आम्ही जेवत होतो आणि सुरू झालं. ठक. ठक. ठक ठक. पलीकडच्या भिंतीतून, वरून खाली. शशिकांतने घास हातातच धरला. मग पायाखालून दुसरा आवाज आला, धप् धप्. कॉलिनचा झाडू. आणि लगेच शशिकांतचा मोबाइल वाजला.

"स्पीकरवर टाक," मी म्हटलं.

"ऐकताय ना?" कॉलिन ओरडत होता. "पुन्हा सुरू झाली! काय कुटतेय देव जाणे! तुम्ही स्वतः येऊन बघा तिला!"

शशिकांतने एलिशेबाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर.

"कॉलिन," तो हळूच म्हणाला, "मी तिच्यासमोरच बसलोय."

पलीकडे शांतता. भिंतीत मात्र नाही. गॅरीचं आपलं चालूच, ठक ठक ठक.

फोन ठेवून शशिकांत हसायला लागला, सुटकेचं हसणं. "चला मावशी, मिटलं! मी गॅरीशी बोलतो. ही घ्या, सही करून टाका म्हणजे सगळं विसरू." त्याने पेन पुढे केलं.

"आज मी लिहीत नाही," एलिशेबा म्हणाली.

"अहो, एक सही!"

"उद्या ये. आणि विसरणार मी नाही, तूही विसरू नकोस. इतके महिने मी माझ्याच घरात मोज्यांवर चालले. तू एकदाही वर येऊन ऐकलं नाहीस. कॉलिन परका आहे रे. तू मला मावशी म्हणतोस."

शशिकांतने कागद मुकाट्याने घडी करून खिशात घातले. मला वाटलं, आता ही त्याला समजावेल, पाठीवरून हात फिरवेल. मुळीच नाही. "चहा घे," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी मी खलबत्ता ट्रॉलीत घालून निघाले. तिच्या घराजवळच्या अल्पर्टन स्टेशनच्या जिन्यावर एक तरुण मदतीला आला, उचलल्यावर म्हणाला, "आत काय आहे, बॉम्ब?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

एलिशेबा खालच्या दारात उभी होती, कॉलिनसमोर. तो ड्रेसिंग गाउनमध्ये, हातात तिचा स्टीलचा डबा, घासूनपुसून लख्ख. चेहरा लाल.

"मला वाटलं होतं की तुम्ही..." तो म्हणाला.

"ठाऊक आहे तुम्हाला काय वाटलं होतं," ती तिच्या ठसठशीत इंग्रजीत म्हणाली. "पुढच्या सणाला मी यातून पुन्हा काहीतरी देईन. शेजारी आहात म्हणून. माझं चुकलं म्हणून नाही. तसं वाटणार असेल तर आत्ताच सांगा, डबा घेऊन जिना उतरायच्या त्रासातून माझे गुडघे वाचतील."

तो म्हणाला, वाटणार नाही. हलवा छान होता, असंही पुटपुटला. मग डोळे माझ्या ट्रॉलीकडे गेले. "ते काय आहे?"

"मसाला कुटायचं," एलिशेबा म्हणाली. "आज रविवार आहे, आज मी कुटणार. दुपारपर्यंत होईल. खाली गोधडी घालते. तरी ऐकू आलं, तर हा आवाज खरंच माझा असेल."

शशिकांत आला तेव्हा जिन्यातच त्याला तिखटाने ठसका लागला. ती जमिनीवर बसली होती, पदर खोचलेला, मोजे काढलेले, आणि बत्ता असा पडत होता की कपाटातल्या बश्या थरथरत होत्या. त्याने कागद पुढे केले.

"थांब," ती हात न थांबवता म्हणाली. "एवढं धण्याचं होऊ दे."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. खालून झाडू वाजला नाही.