बदामाच्या दुधातली कोंबडी

सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा बायको मिळेल त्या विमानाने पुण्याला गेली. सगळं जरा मार्गी लागलं की येते, म्हणाली होती. ते हिवाळ्याचे दिवस होते. ऑगस्ट उजाडला तरी ती तिकडेच होती आणि इकडे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखच्या आमच्या भाड्याच्या घरात मी आणि मुलगी राहत होतो. राहत होतो म्हणजे एका छपराखाली होतो. मुलगी पंधरा वर्षांची. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तेही एका शब्दात. जेवायला ये म्हटलं की ‘ग्लाइश’, म्हणजे येतेच, आणि खोलीचं दार बंद.

तेव्हा तिला रस होता तो एकाच गोष्टीत. तिच्या मैत्रिणीच्या घरचे एका हौशी मंडळात होते. चौदाव्या शतकात माणसं जशी राहत, तसं उन्हाळ्यातले काही शनिवार-रविवार तंबूत राहायचं. हाताने शिवलेले लोकरीचे झगे, लाकडी वाडगे, चुलीवरचा स्वयंपाक. फोन, घड्याळ, प्लास्टिक यातलं काही दिसता कामा नये. अठराखालच्या मुलांबरोबर पालक असलाच पाहिजे, असा नियम होता, म्हणून मी गेलो. उसना झगा घालून, पडक्या बुर्गच्या, म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याशी, ओल्या कुरणावर.

स्वयंपाक एका साठीच्या बाईंच्या हातात होता. एरवी त्या टॅक्स सल्लागार. मला पाहिल्याबरोबर म्हणाल्या, “भारतातले ना तुम्ही? मग मसाले तुमच्याकडे.”

“मी बेअरिंग डिझाइन करतो,” मी म्हणालो. “घरी फार तर कुकर लावतो.”

त्या मोठ्याने हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

शनिवारी संध्याकाळी मोठी मेजवानी होती. आसपासच्या मंडळांतले लोक धरून साठेक माणसं. वाटाण्याचं सार, जवाची लापशी, भाजलेलं डुकराचं मांस, आणि मुख्य म्हणजे बदामाच्या दुधात शिजवलेली कोंबडी, केशर घालून. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. “कोलंबस अजून जन्मायचाय,” असं बाई दर अर्ध्या तासाला कुणाला तरी बजावत होत्या. मसाल्याची पेटी त्यांनी माझ्यापुढे उघडली तेव्हा आत चक्क पिंपळी होती. लहानपणी खोकला झाला की मधातून चाटवत ती. एवढी एकच ओळखीची गोष्ट त्या अख्ख्या कुरणात.

दुपारी लोखंडी तिवईवर हंडा चढवायला बाई वाकल्या आणि तशाच राहिल्या. कमरेत उसण भरली होती. त्यांना चौघांनी उचलून तंबूत आडवं केलं. मदतीला होते त्यांतला एक जण औषध आणायला गाडी घेऊन गेला, दुसरी त्यांच्या उशाशी बसली. तंबूतून बाईंचा आवाज आला, “कोंबडी तुम्ही बघा! ढवळत राहा, बाकी काही करू नका!”

मी ढवळत राहिलो. पाऊस भुरभुरत होता. लाकडं ओली, धूर डोळ्यांत. जाळ वाढवला की दूध उतू येई, कमी केला की चूल विझू बघे. फुंकून फुंकून छाती भरून आली. मग दूध फाटल्यासारखं दिसायला लागलं. वर पाणी, खाली चोथा. तंबूपाशी जाऊन विचारलं तर उशाशी बसलेली म्हणाली, त्यांना आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका.

मला दुसरं कोणी सुचलं नाही. जाळ मागे ओढला आणि कुंपणापलीकडे गाड्या लपवून ठेवल्या होत्या तिथे गेलो. गाडीत फोन होता. बायकोला लावला.

“बदामाचं दूध फाटलं तर काय करायचं?” मी विचारलं.

तिच्या मागे कुठेतरी ट्रॉलीचा आवाज येत होता.

“हॅलो? ऐकू येतंय ना?”

“येतंय,” ती म्हणाली. “आईला परत ॲडमिट केलंय. सकाळपासून तुला फोन करतेय मी.”

“इथे फोन चालत नाही गं. कशा आहेत?”

“ऐक ना. मी इतक्यात नाही येत आहे. वर्षभर तरी नाही. पुढचं खरंच माहीत नाही मला. इथे एका शाळेत नोकरीचं बोलणं झालंय, सोमवारपासून जाते. आईला सोडून मी तिथे येऊन काय करू, सांग?”

“पोरीला तू सांगशील की मी सांगू?” असं तिने विचारलं, आणि मग डॉक्टर आले म्हणून फोन ठेवला.

मी तिथेच उभा राहिलो, किती वेळ ते कळलं नाही. वास आला तेव्हा भानावर आलो. ओढलेली लाकडं वाऱ्याने पुन्हा पेटली होती. धावत आलो तोवर हंडा तळाला लागला होता. करपट वास सगळ्या छावणीभर. ओगराळं घातलं तर खालून काळे पापुद्रे वर आले. साठ माणसांचं जेवण. मला रडायचं होतं, पण आजूबाजूला तलवारी पाजळणारे लोक होते.

मी परत गाडीत जाऊन बसलो. किल्ली लावली. सुपरमार्केटला जावं, डबे आणावेत, की सरळ घरीच जावं, काही ठरत नव्हतं. पुढे काय करायचं, हा प्रश्न फक्त कोंबडीचा राहिला नव्हता.

शेजारचं दार उघडलं. मुलगी आत बसली. झग्याची कड चिखलाने भरलेली.

“बाबा, लोक यायला लागलेत,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “सगळे विचारतायत तू कुठेयस.”

“करपलं सगळं. माझ्याच्याने नाही होत आता.”

ती काचेवरच्या थेंबांकडे बघत राहिली. मग मराठीत, अडखळत, म्हणाली, “आई येणार नाहीये ना?”

“तुला कोण म्हणालं?”

“कोणी नाही. मला वाटतच होतं. रोज फोनवर ती रडते. मला वाटतं माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळे नाही गं,” मी म्हणालो. “आजी फार आजारी आहे. वर्षभर तरी नाही येत आहे आई. मलाही आत्ताच कळलं.”

तिने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मी तिला जवळ घेतलं. किती महिन्यांनी, मलाच आठवेना. दोघांच्याही कपड्यांना धुराचा वास. ती हुंदके देत होती आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतो, यापलीकडे माझ्याजवळ काहीही नव्हतं. रस्त्यावरून जाणारं कुणीतरी गाडीत डोकावलं आणि पटकन पुढे गेलं.

शेवटी तीच म्हणाली, “वरचं वरचं काढून घेऊ. तळाला हात नको लावू.”

दोन पातेली मागून आणली. ती धरून उभी, मी ओगराळ्याने वरची कोंबडी अलगद उपसत होतो. कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घातला, मध घातला, पिंपळी कुटून घातली, केशर होतं नव्हतं तेवढं सगळं. करपट वास काही गेला नाही. अर्ध्या लोकांना पुरेल एवढीच निघाली. बाकीच्यांना वाटाणे आणि पाव.

जेवण उशिरा मांडलं गेलं. बाईंना बाकावर आडवं करूनच मांडवात आणलं होतं. त्यांनी चव घेतली.

“करपलंय,” त्या म्हणाल्या. “पण गरम आहे. वाढा.”

कुणी कौतुक केलं नाही, कुणी नावंही ठेवली नाहीत. भुकेली, भिजलेली माणसं होती, ती जेवली. वाडगे बरेचसे रिकामे झाले, काहींत कोंबडी तशीच राहिली. मुलगी शेवटपर्यंत वाढत होती. डोळे सुजलेले. मैत्रिणीने विचारलं तर धुरामुळे, असं सांगितलं तिने.

रविवारी ओला तंबू कसाबसा गुंडाळून आम्ही निघालो. वाटेत तिने आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. दोघी बराच वेळ बोलल्या, मी गाडी चालवत राहिलो. नाताळच्या सुट्टीत मुलगी एकटी पुण्याला जाऊन आली. सासूबाई पुढच्या वसंतात गेल्या. बायको त्यानंतरही लगेच आली नाही. शाळेचं वर्ष संपवून आली. तोवर मुलगी आणि मी रोज रात्रीचं जेवण एकत्र करत होतो. बहुतेक वेळा वरणभात. जेवताना फार बोलणं होत नसे, पण मी हाक मारली की ती येत असे.