दोन वाढदिवसांची लेक

देवाकडे चुकीचं मागितलं, तर तो ऐकतो का? गेल्या वर्षी काही महिने हा प्रश्न मला गोठ्यात, चुलीपुढे, डेअरीच्या रांगेत, कुठेही गाठायचा. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण मग मी काय मागितलंय तेही सांगावं लागलं असतं. आज सांगते. माझी लेक अश्विनी शिकायला परदेशी जायचं म्हणत होती, आणि मी आमच्या बिरोबापुढे हात जोडून म्हटलं होतं, "देवा, हिचं तिकडचं काम होऊ देऊ नको."

आम्ही बारामतीजवळच्या पणदऱ्याचे. थोडा ऊस, चार गाई. माझे सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते तरुणपणी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. मेंढरं गेली, माळावरचा बिरोबा तेवढा राहिला. अश्विनी एकुलती एक. बारामतीला बारावी सायन्सला असतानाच तिने न्यूझीलंडमधलं एक विद्यापीठ शोधून काढलं, जिथे गवत, माती आणि मेंढ्या यांचा अभ्यास करून पदवी मिळते. बाहेरच्या देशांतल्या मोजक्या मुलांना तिथे पूर्ण शिष्यवृत्ती असते. ती मिळाली तरच जायचं, हे घरात पहिल्याच दिवशी ठरलं. आबा म्हणाले, "मेंढरं शिकायला एवढ्या लांब? मी काय मेलो व्हय?" पण दुसऱ्या दिवसापासून तेच तिला शेजारी बसवून चाऱ्याचं, रोगांचं, लोकरीचं सांगायला लागले. अर्जासोबत जो निबंध द्यायचा असतो, तो तिने आबांच्या त्या बोलण्यातूनच लिहिला.

मीही वरवर त्यांच्यातच होते. तिच्या इंग्रजीच्या परीक्षेला बरोबर गेले, पासपोर्टच्या वेळी रांगेत उभी राहिले. पण ओठात एक नि पोटात एक. ही गेली तर दुपारी मी कुणाशी बोलू? हिला ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवेल? प्रत्येक आईला वाटतं ते मलाही वाटत होतं, फक्त मी ते नवऱ्याला न सांगता थेट देवाला सांगितलं. अर्ज गेल्यावर दर रविवारी माळावर जाऊन भंडारा वाहायचा आणि हेच मागायचं, असा क्रमच झाला. घरच्यांना वाटे, लेकीसाठी केवढं करते. लोकांनी कौतुक केलं की मी विषय बदलायचे.

आणि एका सकाळी, दूध घालून आले तर अश्विनी ओट्यावर मोबाईल हातात धरून नुसतीच बसलेली. विद्यापीठाची मेल आली होती. तिच्या पासपोर्टवर आणि जन्मदाखल्यावर ऑक्टोबरमधली जन्मतारीख आहे, दहावीच्या प्रमाणपत्रावर मात्र एक जून. असं का? दहा दिवसांत पुराव्यासह खुलासा द्या, नाहीतर अर्ज पुढे जाणार नाही.

आमच्या भागात हे कुणाला सांगायलाही नको. इथे माणसाला दोन वाढदिवस असतात, एक आईच्या लक्षात असलेला आणि एक शाळेचा. पोर पहिलीत घालायचं, वय थोडं कमी पडतंय, मग गुरुजी जूनची एक तारीख टाकून मोकळे. आबांचा वाढदिवस तोच, माझा तोच, निम्म्या गावाचा तोच. अश्विनी दसऱ्यानंतर झालेली. घरी तेव्हा ओवाळायचो आणि शाळेत जूनमध्ये टाळ्या वाजायच्या. त्यात काही खोटं आहे असं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं, म्हणून फॉर्म भरतानाही कुणी थबकलं नाही. न्यूझीलंडच्या माणसाला मात्र हे कसं कळावं?

"गुरुजींनी घोळ घातला," आमचे हे म्हणाले. आबाही म्हणाले, "त्या मास्तराचंच काम." मी तिथून उठून चुलीपुढे गेले. कारण ती तारीख गुरुजींनी नव्हे, मी सांगितली होती. अश्विनीला शाळेत घातलं त्या वर्षी आम्ही माझ्या माहेरी, इंदापूर तालुक्यात, वाट्याने शेती करत होतो. मला खुरपायला जायचं असे, पोरीला बांधावर किती ठेवणार? गुरुजी स्वतः विचारत होते, "नक्की तारीख काय, बाई?" आणि मी डोळ्याला डोळा न भिडवता जूनची सांगितली. म्हणजे चूक माझी, आणि काम अडावं अशी प्रार्थनाही माझीच. मागितलं ते देव देत होता, आणि माझ्या पायाखालची वाळू सरकत होती. अश्विनी रडली नाही. जेवताना भाकरीचे तुकडे करत राहिली, खाल्ले मात्र नाहीत. ते बघून मला कळलं, मी काय मागून बसले होते.

माहेरच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक सज्जन माणूस, पण म्हणाले, दहावी झाल्यावर शाळेतली तारीख बदलायची म्हणजे वरच्या कार्यालयापर्यंत जावं लागतं, महिने जातात. त्यांनी जुन्या रजिस्टरची प्रत काढून दिली आणि इंदापूरला विचारून बघा म्हणाले. इंदापूरच्या पंचायत समितीत शिक्षणाचे साहेब रजेवर. असे सहा दिवस संपले. त्या दुपारी मी आणि अश्विनी कार्यालयाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेकलो. अर्ज लिहून देणारे तिथे टेबल टाकून बसतात. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "बिरोबा, मागचं सगळं सोड. आता मला काय मागावं तेच कळंना. तुला बरं दिसंल तसं कर."

डोळे उघडले तर समोरच्या टेबलावरची बाई आमच्याकडेच बघत होती. पन्नाशीची, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, कपाळावर भंडारा. भंडारा लावणारी माणसं आमच्याकडे काय कमी आहेत? तरी मला बरं वाटलं. तिने आम्हाला बोलावलं, कागद चाळले आणि मला विचारलं, "कागद चुकलाय का माणूस चुकलाय, ते आधी सांगा ताई. कागद चुकला आसंल तर लय हेलपाटे हायत. माणूस चुकला आसंल तर एका पानाचं काम हाय."

मी अश्विनीकडे बघितलं. मग म्हटलं, "माणूस. मीच."

सगळं सांगितलं. खुरपणी, बांध, गुरुजींचा प्रश्न. लेकीसमोर, परक्या बाईसमोर. अश्विनी माझ्या जवळ सरकून बसली. ती बाई लिहीत गेली. मधे मी म्हटलं, जरा चांगल्या भाषेत लिहा, साहेब लोक वाचणार. ती म्हणाली, "न्हाय. तुमी बोललात तसंच ऱ्हाऊ द्या. इंग्रजी पोरगी करंल. आईनं खरं सांगितलंय हे वाचणाऱ्याला कळतं." मग तिनेच सांगितलं, की शाळेचं रजिस्टर बदलत बसू नका, प्रतिज्ञापत्र करा, रजिस्टरची प्रत आणि जन्मदाखला जोडा, आणि मुख्याध्यापकांकडून चार ओळींचं पत्र घ्या, की आमच्याकडे तारीख पालकांनी तोंडी सांगितली होती. आत नोटरीकडे स्वतः घेऊन गेली. तासाभरात हातात कागद होता. त्यावर सही केली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी पत्र दिलं. अश्विनीने सगळं इंग्रजीत करून, मूळ कागदांसह पाठवलं. आठवड्याने उत्तर आलं, की खुलासा मान्य आहे, तुमच्या आईचे आभार मानतो. 'तुमच्या आईचे' हे मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. उन्हाळ्याच्या तोंडावर शिष्यवृत्तीचं पत्र आलं आणि आबांनी पेढे देऊन मला इंदापूरला धाडलं. टेबलावर एक गृहस्थ बसले होते. त्या बाईंचं विचारलं तर म्हणाले, ती माझी बहीण. मला ताप होता म्हणून तेवढे चार दिवस माझ्या जागी बसली, आता तिच्या सासरी गेली, पेढे पोचवतो. चारच दिवस, आणि आम्ही नेमके त्यात गेलो. हा योगायोग म्हणा की आणखी काही, मी वाद घालणार नाही. मी फक्त तिथेच त्या शेडमध्ये उभी राहून हात जोडले.

मग एका रविवारी अश्विनीला घेऊन माळावर गेले. तिचं तिकीट निघालं होतं. अर्धं मनात ठेवून तिला पाठवणं मला जमेना. देवळाच्या पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं, की तू जाऊ नये म्हणून मी महिनोन्महिने इथे डोकं टेकत होते.

ती पायातली चप्पल काढत म्हणाली, "मला ठाऊक हाय. पैल्या रविवारीच ऐकलं. मी तुझ्या मागंच उभी होते."

मी विचारलं, "मग बोलली का न्हाईस?"

"तू त्याला सांगितलं होतंस, मला न्हाय. म्हटलं, त्याचं तो बघंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि आई, कुणीतरी मला थांबवायला देवाला एवढं सांगतंय, हे ऐकून मला बरंच वाटायचं."

मी इतकी वर्षं दिवा लावत आले, आणि देवावर सोडणं म्हणजे काय हे मला अठरा वर्षांच्या लेकीने सांगितलं. मी तिथेच रडले. तिने माझ्याच पदराने माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

ती तिकडे जाऊन सहा महिने झाले. दुपारी घर फार मोठं वाटतं, ते मी लपवत नाही. पण बिरोबाने माझं मागणं नाकारलं, यासारखं दुसरं देणं मला आयुष्यात मिळालेलं नाही. आता सकाळी देवापुढे बसते तेव्हा तिचं नाव तेवढं घेते, आणि गप्प होते. पुढचं त्याचं त्याला कळतं.