ताईला नको, भावोजींनाही नको

माझ्या ताईचं मुलुंडला रो-हाउस होतं. डोंगराच्या बाजूची गल्ली, दुपारी तर चिटपाखरू नसायचं. मागच्या वर्षी तिने आणि भावोजींनी ते आतून पार नवं केलं. काम चालू असताना दोघं नाहूरला माझ्याकडेच राहत होती. रोज जेवताना टाइल्स आणि नळ, तिसरा विषय नाही. ती परत गेली तेव्हा, खरं सांगते, मी हुश्श केलं.

दिवाळीनंतर ताईचा फोन आला. "रविवारी ये गं जरा लवकर. घर बघायला लोक येणारेत."

मला वाटलं, पाहुणे. मी बटाटेवडे करून नेले. एक तरुण जोडपं आलं होतं, सोबत फाइल घेतलेला एक माणूस. जोडपं कपाटं उघडत होतं, नळ सोडून बघत होतं. नवं घर म्हटलं की बघतात लोक. मीही हौसेने जिन्याखालची जागा, वरची गच्ची, सगळं दाखवत सुटले. तेवढ्यात त्या मुलीने मलाच विचारलं, "तुम्ही रिकामं कधी करून देणार?"

मी नुसती हसले. फाइलवाला लगबगीने म्हणाला, "मार्चपर्यंत ताबा मिळेल, मॅडम." तो एजंट होता.

मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. "घर विकताय?"

"हळू बोल."

"अगं, आत्ताच तर काम झालं ना! डोकं फिरलंय का तुझं?"

"ह्यांना जिना झेपत नाही. तोंडाने बोलत नाहीत, पण मला दिसतं ना. म्हणून मीच म्हटलं, विकूया. तर लगेच हो म्हणाले. म्हणजे बघ, मनात होतंच."

मी तडक गच्चीवर गेले. भावोजी कुंड्यांना पाणी घालत होते.

"तिलाच नकोय हे घर," ते म्हणाले. "नवं स्वयंपाकघर झाल्यापासून ती तिथे टेकत नाही. डबे सापडत नाहीत म्हणते. एके दिवशी म्हणाली, विकूया. मी म्हटलं, ठीक आहे."

"आणि तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं काय? ते काम काढायच्या आधीही दुखायचे."

मी जिन्यात मध्येच थांबले. आता वर जाऊन सांगू की खाली जाऊन, तेच कळेना.

लोक गेल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो. मी सगळं बोलून टाकलं. हिला वाटतं तुम्हाला विकायचंय, ह्यांना वाटतं तुला विकायचंय. विकायचं कुणालाच नाहीये.

मग ताई भावोजींना म्हणाली, "सांगायचंत ना मग."

"तू विचारलंस कुठे?"

मला वाटलं, आता हसतील, एजंटला फोन करून नाही म्हणतील. ताईने मला विचारलं, "चटणी वाढू का?"

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. घराचं पक्कं झालं होतं.

"अगं पण तुम्हाला विकायचं नव्हतं ना?"

"नव्हतं ना," ती म्हणाली, आणि सामान हलवणारे कसे वेळ पाळत नाहीत ते सांगायला लागली.

आता दोघं घाटकोपरला एका टॉवरमध्ये राहतात. मध्यंतरी गेले होते, तर भावोजी खाली दूध आणायला आलेले. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. मी विचारलं, "खरं सांगा भावोजी, मनात काय होतं तुमच्या?"

ते बदलत्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "त्या रविवारी रात्री ठरवलं होतं, नाही म्हणायचं. सकाळी एजंटचा फोन आला, हिने फोन माझ्या हातात दिला, आणि मी हो म्हणालो. म्हटल्यावर बरं वाटलं. का, ते विचारू नकोस."

"आणि ताईला?"

"तीही त्या दिवशी बरी दिसली. तुला काही कळतंय का?"

"नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि घराचं दार उघडल्यावर दुधाची पिशवी माझ्याकडे देऊन चपला काढायला वाकले.