तहानलेली गादी

गादीआत्याला हसू आवरत नसे. तिच्या गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजायचं मशीन धडधडत असायचं, तिच्या भुवयांवर, केसांवर, अगदी कानाच्या पाळ्यांवरही कापूस बसलेला असायचा, आणि ती हसली की तो सगळा भुरभुर उडायचा. गिऱ्हाईक उशी घ्यायला यायचं आणि तासभर बसून नाकातोंडात कापूस घेऊन घरी जायचं. लग्न का नाही केलं, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर लोकांच्या अंथरुणांची उस्तवार करते, त्यात आणखी एक घोरणारं कुठे वाढवू?"

पण या बाईच्या तोंडाला एका बाबतीत पक्कं कुलूप होतं. जुनी गादी उसवली की घरातलं सगळं बाहेर पडतं. कोण अंथरुणात लपून बिस्किटं खातं, कोणाची हरवलेली कानातली खोळीत सापडते, आणि कोणाच्या घरात रात्री गादी ओली होते. कापसाच्या मधोमध पिवळट गोल पडतो, तो किती उन्हं दाखवली तरी जात नाही. शहरातल्या भल्याभल्यांच्या घरचे असे गोल आत्याने बघितले होते आणि मूग गिळून नवा कापूस भरून दिला होता. तिच्या हातात दाभण देताना वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एकच गोष्ट बजावली होती: गादीत दिसलं ते गादीतच शिवायचं.

आणि तिने पाहिलेला सगळ्यात मोठा गोल होता तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. दादा सातवीपर्यंत गादी ओली करायचा. दर पंधरा दिवसांनी अण्णा ती गादी उसवायचे आणि नऊ वर्षांची आत्या नाक मुरडत खराब कापूस वेगळा काढायची. त्याला पस्तीस वर्षं झाली, पण आत्याने ब्र काढला नव्हता. खुद्द वहिनीलाही पत्ता नव्हता.

दादाचं आता ड्रायव्हिंग स्कूल होतं. निम्मं शहर त्याच्या शेजारच्या सीटवर बसून घामाघूम झालेलं. तो गाडीत "ब्रेक" म्हणाला की रस्त्याच्या पलीकडचा सायकलवालासुद्धा पाय टेकायचा. अशा या माणसाची नऊ वर्षांची लेक होती भिंगरी. तिला सरळ चालता येत नसे, गिरक्या घेतच जायची, म्हणून हे नाव. आत्या दुकानामागच्या खोलीत राहायची आणि ते वरच्याच मजल्यावर, आणि तिथे भिंगरी रोज रात्री गादी ओली करायची.

रोज सकाळी वरून दादाचा आवाज खाली यायचा. "एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत? तुझ्या वयाचा असताना मी..." आणि इथे तो एकदम खोकायचा. खाली आत्या मशीन बंद करून ऐकायची. आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला, दुसरं काय.

वहिनी ग्रंथालयात कामाला. तिथली उपायांची यच्चयावत पुस्तकं तिने पालथी घातली. संध्याकाळी पाच वाजता पाणी बंद केलं, तर भिंगरी फुलदाणीतलं पाणी प्यायली. मग भिंतीवर तक्ता लावला, कोरड्या रात्रीला एक चांदणी. महिन्याभरात तीन चांदण्या झाल्या, त्यातल्या दोन भिंगरीने स्वतःच चिकटवलेल्या.

तेवढ्यात शाळेचं शिबिर जाहीर झालं. तळ्याकाठी दोन रात्री, आणि होडी, तीही स्वतः वल्हवायची. भिंगरीला दुसरं काही सुचेना. दुकानात गाद्यांच्या थप्पीवर चढून, कापड मोजायच्या दोन पट्ट्या हातात घेऊन ती तासन्‌तास वल्हवत बसायची. "आत्या, बाजूला हो, लाट येतेय," म्हणायची. आत्या मशीनमागे उडी मारायची. मग एकदम पट्ट्या खाली पडायच्या. "पण मी नाही जाणार," भिंगरी म्हणायची. "तिथे ओळीने वीस गाद्या असतात."

आत्याचा जीव गलबलला. तिला जे येत होतं ते तिने केलं. गादी शिवली. पण कशी? वर जाळीसारखं पातळ कापड, खाली नेहमीच्या तिप्पट दाबून भरलेला कापूस, त्याच्या खाली रबरी कापड. वरून काहीही सांडो, गादी ते घटाघटा पिणार आणि वर कोरडी ठणठणीत राहणार. करून झाल्यावर आत्याने तीन लोटे पाणी ओतून पाहिलं, वर गाल टेकवून पाहिला, आणि इतकी हसली की शेजारच्या दुकानातला चष्मेवाला काय झालं म्हणून बघायला आला.

पहिल्या सकाळी चादर कोरडी. दुसऱ्या सकाळी कोरडी. तिसऱ्या सकाळी वहिनी जिन्यावरून ओरडत खाली आली आणि आत्याच्या गळ्यात पडली. दादाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चॉकलेटं वाटली, कशाची ते सांगितलं नाही, आणि शिबिराचा फॉर्म भरून टाकला. आत्याला आतून कुठेतरी वाटत होतं की गादी ही गादी, ती काही औषध नव्हे. पण सगळे तिला गादीवैद्य म्हणायला लागले होते, आणि हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्याला खाली बघायला आवडत नाही.

बाराव्या दिवशी रविवार होता. आत्या गादी उलटायला वर गेली. गादी उलटेना. तिने दादाला हाक मारली. दोघांनी दोन टोकं धरली, "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि गादीतून असा आवाज आला, जणू कोणी चिखलातून बूट उपसतंय. मग दादाच्या पायावर धार लागली. कुठेतरी पाणी मुरतंय असं लोक म्हणतात, तर ते सगळं इथे मुरलं होतं.

दादा पायाकडे बघत राहिला. आत्याला हसू फुटलं, अगदी पोट धरून, पण दारात भिंगरी उभी होती आणि ती हसत नव्हती. हातात भूगोलाचं पुस्तक होतं. मग एकेक बाहेर आलं. ती पहाटे उठून कपडे बदलायची, ओले कपडे बादलीच्या तळाशी दडवायची आणि चादर वाळेपर्यंत भूगोलाच्या पुस्तकाने वारा घालायची. बारा दिवस.

"अगं पण सांगायचं ना," वहिनी म्हणाली.

"सांगणार होते. पण तुम्ही सगळे इतके खूश होतात."

आत्याचं हसू जागच्या जागी विरलं. तिला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिनेच सगळ्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई मोठ्यांशी बोललीच नाही. तिने भिंगरीला समोर बसवलं. "दिवसभरात पाणी किती पितेस?"

"पाचनंतर बंद असतं. फुलदाणी आहे, पण तिची चव वाईट आहे."

डॉक्टरीणबाईने वहिनीकडे असं पाहिलं की वहिनी पर्स आवरायला लागली. मग बाईने सरळ सांगितलं. पाणी तोडायचं नाही, सकाळपासून भरपूर प्यायचं, फक्त झोपायच्या वेळी कमी. शाळेत लघवी दाबून धरायची नाही. पोट साफ राहायला हवं. झोपण्याआधी जाऊन यायचं. एक घंटी मिळते, कपड्याला ओल लागली की वाजते, त्याने हळूहळू सवय होते, पण आठवडे लागतात. "आणि ओरडायचं अजिबात नाही. झोपेत जे होतं त्यात हिचा काय दोष? बरेचदा हे घराण्यातच असतं. लहानपणी घरात कोणाला होता का हा त्रास?"

"आमच्याकडे कोणालाच नव्हता," वहिनी म्हणाली.

डॉक्टरीणबाईने दादाकडे पाहिलं. दादाने छताच्या पंख्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

आत्याला असा ठसका लागला की डॉक्टरीणबाईला तिला पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळी भिंगरी दुकानात आली. थप्पीवर चढली नाही, खालीच बसली. "आईकडे कोणाला नव्हतं. बाबाकडे कोणाला नव्हतं. मग मी कोणावर गेले, आत्या?"

आत्याच्या तोंडात उत्तर तयार होतं. तिने दाभणात दोरा ओवला, परत काढला, परत ओवला. भिंगरी वर गेल्यावर तिने दादाला जिन्यातच गाठलं.

"तू सांग. मी नाही सांगणार, अण्णांना शब्द दिलाय. पण तू सांगेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही."

"अगं, निम्मं शहर मला सर म्हणतं."

"शहराला सांग कोण म्हणतंय? तिला सांग."

"बघू," दादा म्हणाला. हा दादाचा "बघू" आत्याला लहानपणापासून ठाऊक होता, त्याने आजवर काहीच बघितलं नव्हतं.

मग आत्याने खरंच अबोला धरला. त्याला चहा द्यायचा झाला तरी ती मशीनशी बोलायची. "मशीनबाई, कोणाला चहा हवा असेल तर कप तिथे ठेवलाय." दादा मशीनला म्हणायचा, "साखर कमी आहे." वहिनीला वाटलं, दोघांनाही कापूस चढलाय.

घंटी आली. पहिल्यांदा वाजली तेव्हा वहिनी उठली, दादा "ब्रेक" म्हणून किंचाळत उठला, खालून आत्या केरसुणी घेऊन धावली, चष्मेवाल्याने दिवा लावला. भिंगरी तेवढी गाढ झोपलेली. आठवडाभर हेच, घंटी तिची आणि जाग शहराला. पण दादा बदलला होता, हे मान्य करायला हवं. एकदाही ओरडला नाही. रोज तिला उठवून, अर्धवट झोपेत भिंतीला धडकू न देता न्यायचा आणि आणायचा. तिसऱ्या आठवड्यात ती घंटीने स्वतः उठायला लागली, आणि कधीकधी घंटीच्या आधी. सात रात्रींत चार कोरड्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, खुशाल पाठवा, फक्त शिक्षिकेच्या कानावर घाला. वहिनीने घातलं. आत्याने एक पातळ वळकटी शिवून दिली आणि पिशवीत जादा कपडे भरले.

निघायच्या सकाळी शाळेच्या आवारात बस घुरघुरत उभी होती. पालकांची ही गर्दी. भिंगरी गिरक्या घेत बसच्या दारापर्यंत गेली, एक पाय पायरीवर ठेवला, आणि थांबली.

"मला नाही जायचं."

वहिनीने समजावलं. शिक्षिका खाली उतरली आणि म्हणाली, मला सगळं ठाऊक आहे, मी आहे ना. उपयोग शून्य. खिडक्यांतून मुलं डोकावत होती. दादा पिशवी घेऊन पुढे आला आणि तिच्याजवळ वाकला.

"काय झालं?"

"तीनदा तरी ओलं होणारच, बाबा. सात रात्रींत तीनदा होतं."

"तिथे दोनच रात्री आहेत."

"मग दोनदा होईल. सगळ्या जगात मी एकटीच अशी आहे."

आत्या चार पावलांवर उभी होती. तिने दादाचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं की आता याचं काहीतरी होणार. दादा आणखी वाकला, भिंगरीच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

"काय?"

तो परत पुटपुटला.

"ऐकू येत नाही, बाबा. बस केवढी वाजतेय."

आता झालं काय, की बसचा ड्रायव्हर दादाचाच जुना विद्यार्थी. सर दारात उभे आहेत हे त्याने आरशात पाहिलं आणि त्याची बोबडी वळली. दार उघडं असताना इंजिन चालू ठेवायचं नाही, हे सरांनी त्याच्या डोक्यात टपल्या मारून बसवलेलं. त्याने घाईघाईने किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. आणि त्या शांततेत, सायकलवाले थांबवणाऱ्या त्या आवाजात, दादा म्हणाला:

"मी सातवीपर्यंत गादी ओली करायचो."

हजेरी घेणाऱ्या बाईंचं पेन वहीवर तसंच राहिलं. वहिनीने नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू तो आत्ताच कुठल्या तरी बसमधून उतरलाय. एक रुबाबदार वडील खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले, त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

मग वरून ड्रायव्हर हळूच म्हणाला, "सर, मी आठवीपर्यंत."

आत्याचा बांध फुटला. पस्तीस वर्षांचं हसू होतं ते. ती बसच्या चाकाला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी आलं, केसांतला कापूस आवारभर उडाला, आणि तिचं बघून मुलं, मग पालक, मग पेनवाल्या बाईसुद्धा. दादा लालबुंद होऊन मधोमध उभा.

भिंगरी हसत नव्हती. ती बापाकडे टक लावून बघत होती. "खरंच?"

"आत्याला विचार."

"खरं आहे," आत्या डोळे पुसत म्हणाली. "तीन गाद्या संपवल्या याने."

भिंगरीने थोडा विचार केला. "मग तू मला इतका का ओरडायचास?"

हसणं ओसरलं. दादाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "भीती वाटायची. तुझं माझ्यासारखं होईल म्हणून."

"तुझ्यासारखं म्हणजे?"

"मी शाळेच्या एकाही सहलीला गेलो नाही, भिंगरी. एकाही."

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं, मग बसकडे, मग परत त्याच्याकडे.

"म्हणजे तुला होडी वल्हवता येत नाही?"

"नाही."

"मी आल्यावर शिकवते," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली पिशवी घेऊन बसमध्ये चढली.