हैबतीचा कंट्रोलर

आंबेनळी घाटात गाडी चालवणारे पुष्कळ झाले, पण घाट हातात असलेला ड्रायव्हर मी एकच पाहिला. हैबती. सतरा वर्षं तो महाड-महाबळेश्वर गाडीवर होता आणि त्यातली बारा वर्षं मी त्याचा कंडक्टर होतो. एवढ्या वर्षांत एकाही वळणावर त्यानं उतारूंना देव आठवायला लावला नाही. माणूस म्हणाल तर हेकट, खादाड आणि तोंडाचा फटकळ. माझा त्याच्यावर जीव होता, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, मी त्याचा वैरी होतो.

खादाडपणाचं खापर एकट्या त्याच्यावर फोडता येणार नाही. ज्या हॉटेलापुढे गाडी थांबते, तिथे ड्रायव्हर-कंडक्टरला खाणं फुकट, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. घाटमाथ्यावर सोनबाचं हॉटेल होतं. पडद्यामागे आमचं वेगळं टेबल असायचं. गोड चहा, भजी, वर दोन गुलाबजाम. जाताना एकदा आणि येताना एकदा. मी अर्धं टाकायचो, हैबती माझंही संपवायचा.

याच सोनबानं गिऱ्हाइकांच्या पोरांना गंमत म्हणून जाळीच्या पेटीत एक पांढरा ससा ठेवला होता. येणारा-जाणारा त्याला बिस्किट भरवायचा, कुणी महाबळेश्वरची गाजरं. पुढे पावसाळ्यात हॉटेल बंद ठेवायचं झालं तेव्हा सोनबानं ससा पेटीसकट हैबतीच्या केबिनमध्ये आणून ठेवला. हैबतीनं त्याचं नाव ठेवलं कंट्रोलर. आमच्या स्टँडवरचे कंट्रोलर असेच जाळीमागे बसून दिवसभर तोंड हलवत असायचे. हे बारसं डेपोत पोचलं आणि आम्हाला महिनाभर पहाटेची ड्युटी लागली.

त्र्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या आधी हैबतीच्या पायाला चपलेचा खिळा लागला. जखम महिना झाला तरी भरेना. महाडच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. त्या काळी काचेच्या नळीत निळं औषध घालून ती दिव्यावर तापवायचे. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर जपायचं, विटकरी झाली तर साखर भरपूर. हैबतीची नळी पक्क्या विटेसारखी झाली. डेपोनं त्याला स्टिअरिंगवरून उतरवलं. जानेवारीच्या शेवटी मेडिकल. त्यात पास झाला तर पुन्हा घाट, नापास झाला तर जन्माची हलकी ड्युटी.

पोलादपुरात हमरस्त्याच्या वरच्या अंगाला त्याचं घर. ओटीवर खाट, उशीवर पाय, शेजारी सशाची पेटी. खाली गाड्या घाटाकडे वळताना गिअर बदलायच्या आणि हा पडल्या पडल्या आवाजावरून ड्रायव्हर ओळखायचा.

"भिकू हाय. दुसरा टाकायला उशीर करतो येडा."

मी ड्युटी संपवून गेलो की रोज एकच प्रश्न. "काशीराम, माजी गाडी कोनाला दिली रे?" रोज एकच उत्तर होतं, तरी विचारायचा. त्या ओटीवर माझाही जीव गुदमरायचा. अर्ध्या तासात काहीतरी निमित्त काढून मी उठायचो. त्याला उठून जायला कुठे होतं?

त्याची बायको साळूबाई, म्हणजे आमच्या वहिनी, बोलायला कमी आणि करायला खमकी बाई. डॉक्टरांनी भात कमी करा, साखर, गूळ, बिस्किट बंद करा, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी द्या, असं सांगितलं होतं. हैबतीला भाताशिवाय जेवण म्हणजे उपास. "भात गोड कुटं लागतो?" म्हणून तो वाद घालायचा. त्याच आठवड्यात सशाचं पोट बिघडलं. आपल्याकडे कुणाचंही पोट बिघडलं की जे करतात तेच वहिनींनी केलं. चिमूटभर मीठ घालून मऊ पेज दिली. ससा ती चाटूनपुसून प्यायला आणि दुसऱ्या दिवशी जागचा हलेना.

वहिनींनी पेटी डोक्यावर घेतली आणि गुरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर आधी हसले, मग पेजेचं ऐकून ओरडले. तांदूळ, पीठ, साखर, सगळं बंद, म्हणाले. सशाच्या पोटाला गवत लागतं आणि दातांनाही. दात जन्मभर वाढत राहतात, गवत चावूनच झिजतात. पण उपाशी ठेवलंत तर दोन दिवसांत मरेल, हळूहळू वळण लावा.

वहिनींनी घरी येऊन पेटी खाटेशेजारी ठेवली. "तुमचा नि ह्याचा रोग येकच हाय," एवढंच बोलल्या.

मग दोघांवर एकच इलाज सुरू झाला. डोंगरउतारावर गवतकापणी चालली होती. वहिनी रोज मूठभर सुकं गवत, थोडी हरळी आणि शेवग्याचा पाला आणायच्या. त्यावर बिस्किटाचा चुरा भुरभुरायच्या आणि दर दिवशी चुरा कमी करायच्या. हैबतीच्या तांदळाच्या भाकरीत पहिल्या दिवशी एक मूठ नाचणी, दुसऱ्या दिवशी दोन. आठव्या दिवशी त्यानं ताट वर धरलं.

"भाकरी काळी पडाय लागली गो?"

"चुलीला धूर झालाय," वहिनी म्हणाल्या.

भाकरी तरी जात होती. ससा मात्र चुरा तेवढा चाटायचा आणि गवत मागच्या पायांनी उडवून द्यायचा. आणखी नवल म्हणजे तो वाळतही नव्हता. "खात नाय तर जगतो कशावर?" वहिनी मला विचारायच्या. मी पेटीकडे बघायचो.

मला माहीत होतं तो कशावर जगतो. हैबतीनंच मला गळ घातली होती, "सशापुरती बिस्किटं आन रे. मुक्या जिवाचे हाल बघवत नाय. हिला सांगू नको." मी दर तिसऱ्या दिवशी खाकी कोटाच्या खिशातून दोन पुडे आणायचो आणि उशीखाली सारायचो. मला वाटायचं, मी दया करतोय. एवढासा ससा तीन दिवसांत दोन पुडे कसे संपवेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

एक दिवस गेलो तर वहिनी पायरीवर बसलेल्या. मांडीवर चुरगळलेल्या पुड्यांचे कागद.

"भावजी, कागद उशीखाली लपवायला सशाला कोनी शिकवलं?"

आत हैबती भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"चुरा नुसता पेटीत नाय, खाटेवरही हाय," त्या म्हणाल्या. "आता बिस्किट बंद होऊन हा ससा गवत खाईल तवाच मला कळंल की ह्यांनी सोडलं. तोवर ह्यांच्या बोलन्यावर माजा विश्वास नाय, नि तुमच्यावरही नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन मी हैबतीवर भडकलो, कारण स्वतःवर भडकायची सवय नव्हती.

"काय करू काशीराम," तो म्हणाला. "बिस्किट तोंडात टाकलं की घाट चढून सोनबाकडं पोचल्यागत वाटतं."

त्या दिवसापासून मी पुडे आणले नाहीत. ससा रुसला. शेवग्याची चार पानं कुरतडली की तोंड फिरवून बसायचा. हैबतीही तसाच. पण आता हैबतीनं सोडलं की नाही हे सशाच्या तोंडावरून कळणार होतं आणि हैबतीला ते लागलं होतं. तो स्वतः गवताची काडी जाळीतून आत धरून बसायला लागला. तासतासभर. भरलेली गाडी चढावर उचलावी तसा पुटपुटायचा, "चल, पयला टाक. दमानं. चल."

सहाव्या दिवशी सशानं ती काडी दातांत धरली आणि टोकापर्यंत आत ओढली. हैबती एवढ्यानं ओरडला की वहिनी पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. दुसरी काडी गेली, तिसरी गेली. वहिनी उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी तिथेच होतो. त्या सशासाठी रडत नव्हत्या.

त्यानंतर हैबतीनं निव्वळ नाचणीची भाकरी मागून घेतली. जखमेवर खपली धरली. महाडची नळी हिरवी झाली, संक्रांतीनंतर निळी राहिली. तो ओटीवर येरझाऱ्या घालायला लागला आणि माझ्या ड्युटीची वेळ तोच मला सांगायला लागला.

मेडिकलला मी रजा टाकून बरोबर गेलो. तिथेही नळी निळीच. हैबतीनं मला दारातूनच हात हलवला, मीही आत जाऊन उभा राहिलो. मग डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बॅटरी धरून आत बघत राहिले. फारच वेळ बघत राहिले.

"साखर जुनी आहे," ते म्हणाले. "सात-आठ वर्षांची तरी. डोळ्यांच्या मागे नुकसान झालंय. अंधारात समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसतो का?"

"नाय," हैबती म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "दिसतो."

इतकी वर्षं मी त्याच्या मागे घंटीची दोरी धरून उभा होतो. मला याचा पत्ता नव्हता. माझ्या त्या पुड्यांनी किती बिघडवलं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

परत येताना तो उतारूंच्या बाकावर खिडकीशी बसला. घरी वहिनींनी त्याचं तोंड बघितलं. हैबती खाटेवर टेकला. "कोटात हाय का रे?" म्हणाला. जुन्या पुड्यात चार बिस्किटं उरली होती. मी वहिनींकडे बघितलं.

"द्या," त्या म्हणाल्या.

त्यानं एक बिस्किट पेटीत ठेवलं. सशानं ते हुंगलं, पायानं बाजूला सारलं आणि मागचं गवत ओढून खायला लागला. हैबती बघत राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी गिअर बदलला. या वेळी त्यानं नाव घेतलं नाही.

"हा सुटला गो," म्हणाला आणि उरलेली बिस्किटं माझ्या हातात परत दिली.

डेपोनं त्याला स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत बसवलं. भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या, सकाळी आठ ते चार. सशाच्या नावावरून आता कुणी थट्टा करत नाही. मी घाटावरून येताना सोनबाच्या हॉटेलामागच्या उतारावरचं गवत कापून आणतो, सशासाठी. खिडकीशी जाऊन जाळीखालच्या फटीतून पेंडी आत सरकवतो. हैबती ती घेऊन पायाशी ठेवतो, भोंगा तोंडाशी धरतो आणि माझी गाडी पुकारतो.